कुणाला न विचारता चढलेलं पाणी

मॅडमची आणि माझी पहिली भेट एका जळालेल्या मोटरीने घडवून आणली. त्यांचं माहेर जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक. तिथल्या त्यांच्या बंधूंच्या विहिरीवरची मोटर एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळाली आणि ती टेम्पोत घालून बंधू माझ्या कळंबच्या वायंडिंगच्या दुकानात आले. सोबत डॉ. इंदुमती थोरवे मॅडम होत्या. त्या पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सुती साडी, साध्या चपला, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, बाई बाजाराला निघाल्यात आणि वाटेत टेम्पोत बसल्यात.

दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "कधी मिळंल?" बंधूंनीही तोच विचारला. मॅडमनी विचारलं, "का जळाली?"

इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आपलं ठोकून दिलं, "कोरडी चालली असंल."

"कशावरून?"

आता आली का पंचाईत! मी मोटर खोलून दाखवली. म्हणालो, "हे बघा बाई, एखादी फेज गेली असती तर काही कॉइल काळ्या पडल्या असत्या आणि काही चांगल्या राहिल्या असत्या. इथं सगळ्या सारख्याच भाजल्यात. बुशही झिजलंय. म्हंजी पाणी नसताना फिरली." मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि मी बोललो ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटलं, बाई विमा कंपनीच्या दिसतात, आता आपली सही मागणार. सही मागितली नाही. उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून त्यांनी आणखी दोन तास प्रश्न विचारले आणि जाताना म्हणाल्या, "तात्या, मी पुन्हा येईन. माझे विद्यार्थी कागदावर मोटर चालवतात. जळालेली कुणी पाहिलेली नाही."

त्या पुन्हा आल्या, आणि मग येतच राहिल्या. कधी दोन विद्यार्थी घेऊन, कधी एकट्या. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावं असा त्यांच्या शिष्यांचा आग्रह झाला. मी सातवी पास, तीही दुसऱ्या फटक्यात. पुढचं जे काही आलं ते मोटरी उघडून आणि मिळेल तो छापील कागद वाचून. तेव्हा या पानांत पांडित्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो, आणि त्यात माझी एक चूकही आहे, ती लपवत नाही.

मॅडमच्या विषयाचं नाव मला पाठ करायला आठवडा लागला. अनिश्चित, परस्परांत गुंतलेल्या, अरेषीय प्रणालींचं बळकट विकेंद्रित नियंत्रण. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, एवढं नाव घेईपर्यंत टाकी वाहून जाईल." त्या हसल्या आणि चार दिवसांनी पुण्याहून त्यांचं पाकीट आलं. आत स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेली दोन पानं आणि वर चिठ्ठी, "न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून परत पाठवा." मी सगळ्याच ओळींखाली रेघा मारून पाठवल्या. मॅडमनी दुसऱ्यांदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं. पाचव्या खेपेला फक्त तीन ओळींखाली रेघ उरली. त्यांच्याकडे तेव्हा डॉक्टरेटचे विद्यार्थी होते, परीक्षा होत्या, परदेशातून येणारी पत्रं होती. त्यातून वेळ काढून एका वायंडिंगवाल्यासाठी तोच मजकूर पाच वेळा लिहायचा, आणि एकदाही "तुम्हाला नाही कळायचं" म्हणायचं नाही, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

ती पानं मी जपून ठेवली आहेत. त्यातलं सार माझ्या भाषेत असं. एकाला एक लागून चार यंत्रं आहेत. एकाचं पाणी दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. एकाने खोड केली की धक्का चौघांना बसतो. प्रत्येकाने दर वेळी दुसऱ्याला विचारून चालायचं म्हटलं तर निरोप पोचेपर्यंत मोटर जळते. एका माणसाने मध्ये बसून चौघांना चालवायचं म्हटलं तर तो माणूस जेवायला उठला की खेळ खलास. मग करायचं काय? मॅडमचं म्हणणं, प्रत्येकाने फक्त आपल्या टाकीकडे बघावं. शेजारी काय करतोय हे विचारत बसू नये. मात्र तो जास्तीत जास्त काय करू शकतो त्याची हद्द आधी माहीत करून घ्यावी, आणि तेवढा धक्का सोसेल अशी आपली तयारी ठेवावी. मी म्हणालो, "मॅडम, हे तर गावात राहण्याचं शास्त्र झालं." त्या म्हणाल्या, "तेच आहे. फक्त गावात गणित कुणी मांडत नाही."

आता हे शास्त्र पाण्यात उतरलं कसं ते सांगतो. माझी सासुरवाडी डिंभ्याकडची. तिथे धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलून डोंगराच्या अंगाला नेणारी एक सहकारी उपसा योजना आहे. तिचे चार टप्पे. पहिला पंप धरणातून दुसऱ्या पंपापाशी असलेल्या टाकीत पाणी टाकतो, दुसरा तिसऱ्याच्या टाकीत, तिसरा चौथ्याच्या टाकीत, आणि चौथा अगदी वरच्या वाडीला. मोटरी सांभाळायला म्हणून मंडळींनी मला बोलावलं. मी कळंबचं दुकान भावावर सोपवून पहिल्या पंपावर येऊन बसलो आणि बघता बघता सगळ्या योजनेचा कारभारी झालो. कुणी पंप चालू करायचा तर फोन मला. बंद करायचा तर फोन मला. डोंगरात रेंज कधी असते, कधी नसते. एसटीसारखंच. रेंज गेली की तळातली टाकी वाहायची आणि वरची कोरडी पडायची. कोरडी पडायची ती नेहमी चौथी. तिथली मोटर मी स्वतः नवी तार गुंडाळून इतक्या वेळा भरून दिली की तिच्या कॉइलचे वेढे मला झोपेतही मोजता आले असते.

चौथा पंप हौसाबाई चालवायच्या. वरच्या वाडीतल्याच. त्यांच्या यजमानांची नजर अधू झाली तेव्हापासून स्टार्टर त्यांनी हातात घेतला होता. एकदा मोटर तिसऱ्यांदा खाली आणली तेव्हा मला म्हणाल्या, "पावणं, तुमी मोटर भरता का गरम करून खाता? म्हैनाभर तरी टिकू द्या की."

शेवटी कमिटीत विषय निघाला, की चौथा टप्पा सोडून द्यावा. तीन टप्पे नीट चालवू, वरच्या वाडीने आपलं बघावं. वाडीत पंचवीसएक घरं. त्यांचा भाजीपाला, जनावरं, उन्हाळ्यातलं प्यायचं पाणी, सगळं त्या चौथ्या पंपावर. ही गोष्ट मी मॅडमना सांगितली. त्या तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या डिंभ्याला हजर. चेअरमनना म्हणाल्या, "एक हंगाम थांबा. मला प्रयत्न करू द्या. नाही जमलं तर तुमचा निर्णय तुम्हाला मोकळा."

त्याच सुमाराला एकाने सुचवलं होतं, की पहिल्या पंपावर मोठा संगणक बसवा आणि चारी पंप तारेने जोडा. मॅडमनी एवढंच विचारलं, "नांगराने तार तुटली तर?" विषय तिथेच मिटला, कारण आमच्याकडे टेलिफोनची केबल तीनदा नांगराला गेली होती आणि नांगरणारे तिथेच बसले होते.

मॅडमनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक पंपावर एक पेटी बसवली. टाकीत पातळी सांगणारी कांडी, पेटीत छोटं यंत्र, आणि मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह. पेटी फक्त आपल्या टाकीची पातळी बघणार आणि आपल्या पंपाचा वेग ठरवणार. दुसऱ्या पेटीशी तिचं काही बोलणं नाही. सोपं वाटतं, पण त्यात एक मेख होती. मोटरचा वेग निम्मा केला म्हणून पाणी निम्मं येत नाही. एका वेगाच्या खाली गेलं की पाणी डोंगर चढतच नाही, मोटर नुसती फिरते आणि तापते. मॅडमनी प्रत्येक पंपावर तासन्‌तास बसून हा वेग शोधला. कंपनीच्या कागदावर जो आकडा होता तो एकाही पंपाला लागू पडला नाही. मॅडम म्हणाल्या, "तात्या, यालाच आम्ही अनिश्चितता म्हणतो." मी म्हणालो, "आमी झीज म्हणतो." त्यांनी तेही वहीत लिहिलं.

चाचणीचा दिवस ठरला. मॅडम पहिल्या पंपावर बसून तो मुद्दाम कमीजास्त करणार, मध्येच बंद करणार, आणि वरच्या तीन पेट्या आपापलं कसं सांभाळतात ते बघायचं. वरच्या पंपांवरच्या माणसांनी काही करायचं नाही, नुसतं बसायचं. सगळी कमिटी जमणार होती. चाचणी फसली तर चौथा टप्पा बंद, हे उघड होतं.

आता माझी चूक. आदल्या दिवशी मी आणि तिसऱ्या पंपावरचा दशरथ चहा पीत बसलो होतो. दशरथ म्हणाला, "पावणं, बाई येवढ्या लांबनं येत्यात. चार लोकांत त्यांचं हसं झालं तर आपल्याला काय शोभतं व्हय?" मलाही ते पटलं. आमच्याकडे पाव्हण्याची फजिती ही घराची फजिती. मग आम्ही ठरवलं. मी मॅडमच्या शेजारी बसणार, खिशात फोन. त्यांनी पंप वाढवला की दशरथला एक मिस कॉल, बंद केला की दोन. पेटीला हाताने वेग द्यायची एक कळ होती, दशरथने ती फिरवायची आणि पाणी पोचायच्या आधीच तयारीत राहायचं. दुसऱ्या पंपावरच्या माणसालाही असंच. चौथ्यावर रेंज नव्हती, म्हणून हौसाबाईंना आम्ही काही सांगितलंच नाही.

खरं सांगायचं तर मायेशिवाय आणखीही एक गोष्ट माझ्या पोटात होती. ही पेटी चालली की मला फोन कोण करणार? माझ्याशिवाय पाणी चढत नाही, ही गोष्ट मला आत कुठेतरी गोड लागत होती. ते तेव्हा मला कळत नव्हतं, आता कळतं.

चाचणी अशी झाली की बघत राहावं. एकही टाकी वाहिली नाही, एकही कोरडी पडली नाही. चेअरमननी तिथल्या तिथे जाहीर केलं की चौथा टप्पा राहणार. पेढे आले. मॅडमना शाल घातली, नारळ दिला. वरून चालत आलेल्या हौसाबाईंनी त्यांना कुंकू लावलं आणि डोळे पुसले. मॅडम मात्र शाल अंगावर तशीच ठेवून, चारही पेट्यांतून काढून आणलेली नोंद आपल्या लॅपटॉपवर बघत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"दशरथभाऊ, जरा इकडे या. पहिल्या पंपाचा वेग मी वाढवला, त्याच मिनिटाला तुमच्या पंपाचा वेग वाढला. तुमची टाकी तेव्हा जागची हललीसुद्धा नव्हती. पाणी यायच्या आधी पेटीला कसं कळलं?"

दशरथने माझ्याकडे बघितलं. चेअरमन म्हणाले, "मॅडम, यंत्र हुशार हाय म्हणायचं, दुसरं काय?"

"एवढं हुशार मी बनवलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

मी उठलो आणि फोन खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणालो, "मी कळवत व्हतो."

मॅडमनी शाल काढली, नीट घडी घातली आणि नारळासकट चेअरमनच्या हातात दिली. "ही चाचणी धरू नका. पुन्हा घेऊ."

चेअरमन समजुतीने म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की मॅडम. झालं ते झालं. कागद चांगला आलाय, टप्पा बी वाचला. कोण इचारतंय?"

"ज्या दिवशी तात्यांचा फोन लागणार नाही, त्या दिवशी चौथी मोटर विचारील."

हौसाबाई मात्र भडकल्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. "बाई, तुमचं खरं झालं, पर आमच्या पाण्याचं काय? आता घावलं व्हतं नव्हं? तुमी खरं बोलून जाल पुण्याला, आमी काय रांजणात खरं भरून ठिवू?"

मॅडम हौसाबाईंना म्हणाल्या, "आज तुमच्याकडे राहू का?" आणि त्यांच्याबरोबर वर वाडीत गेल्या. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच बोलल्या, "तात्या, तुम्ही माझ्यावर माया केलीत. पण मी कुठे चुकलेय ते मला बघू दिलं नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी चाचणी पुन्हा झाली. या वेळी सगळ्यांचे फोन एका वेताच्या पाटीत गोळा केले आणि पाटी मॅडमनी स्वतःजवळ ठेवली. दशरथ म्हणाला, "बाई, बायकोचा फोन येईल." मॅडम म्हणाल्या, "मी उचलीन आणि सांगीन, तुमचे यजमान आज काहीही करत नाहीयेत." "ते तिला म्हाईतच हाय," असं म्हणून त्याने फोन दिला.

चाचणी फसली. मध्येच लाइट गेली आणि तासाभराने आली. आली तशी चौथी टाकी झपाट्याने उतरली, पेटीने वेग कमी केला पण पुरेसा लवकर नाही, आणि पंप हवा ओढायला लागला. हौसाबाईंनी लाल बटण दाबून मोटर वाचवली. चेअरमन नुसते हात मागे बांधून उभे राहिले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मॅडमनी आठ दिवस मागितले. त्यांनी दिले, पण म्हणाले, "मॅडम, आठच."

त्या आठ दिवसांत मॅडमचं काम मी जवळून पाहिलं. त्या हौसाबाईंच्या घरी राहिल्या, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. एकदा स्वतः पिठलं केलं, त्याबद्दल मी न लिहिलेलंच बरं. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यामधल्या पाइपावर जागोजागी शेतकऱ्यांचे कॉक, म्हणजे शेतात पाणी सोडायच्या तोट्या, आहेत. लाइट आली की सगळे एकदम धावत जाऊन कॉक उघडतात, कारण पुन्हा कधी जाईल याचा नेम नाही. मॅडमनी शेजाऱ्याच्या धक्क्याची जी हद्द धरली होती, त्यात हा धक्का नव्हता.

मग त्या माझ्याबरोबर पाइपाच्या कडेने चालत निघाल्या. प्रत्येक शेतकऱ्याला विचारायच्या, "लाइट आल्यावर जास्तीत जास्त किती वेळ कॉक उघडा ठेवता?" जो तो म्हणायचा, "लई न्हाई मॅडम, थोडाच. दहा मिन्टं." दहा जणांनी दहा मिनिटं सांगितली. मॅडम एका बांधावर बसल्या, वही बघितली आणि म्हणाल्या, "तात्या, हे सगळे खरं बोलत असते तर टाकी उतरली नसती." उठल्या आणि परतीच्या वाटेने तीच माणसं पुन्हा गाठली. या वेळी प्रश्न बदलला. "तुमच्या शेजाऱ्याचा कॉक किती वेळ उघडा असतो?"

काय सांगू! "त्यो? त्यो तर तास तास सोडून बसतो." "पाइपाला तोंड लावूनच जन्मलाय त्यो." "दोन इंची सांगतो, पर अडीच इंची बसवलाय, मी बघितलाय ना." एकाने तर शेजाऱ्याचा कॉक काठीने दाखवून वेळही सांगितली. मॅडमनी प्रत्येकाचं शेजाऱ्याने सांगितलेलं माप लिहून घेतलं, त्यांची बेरीज केली आणि ती हद्द धरली. मी म्हणालो, "मॅडम, शेजारी जरा फुगवूनच सांगणार." त्या म्हणाल्या, "सांगू देत की. मला तेच हवं आहे." परदेशातल्या पुस्तकांत ही हद्द कशी काढतात ते मला ठाऊक नाही. डिंभ्याला अशी निघाली.

पण हद्द वाढवली की एक नुकसान होतं. वाईट दिवसाची तयारी ठेवायची तर पेटीने आधीपासून सावध राहावं लागतं, म्हणजे चांगल्या दिवशीही चौथा पंप थोडं कमी पाणी देणार. मॅडमनी हे कुणापासून लपवलं नाही. हौसाबाईंच्या ओट्यावर वाडीतल्या मंडळींना बसवून विचारलं, "रोज थोडं कमी येईल, पण रोज येईल. चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं बघते."

हौसाबाईंचा राग तोवर उतरला होता, पण धार गेली नव्हती. म्हणाल्या, "बाई, येक दिस पुरणपोळी नि चार दिस उपास, त्यापरीस रोजची भाकर बरी. लावा तुमचं यंत्र."

तिसरी चाचणी आठव्या दिवशी झाली. फोन पुन्हा पाटीत. मॅडमनी पहिला पंप बंद केला, वाढवला, पुन्हा बंद केला. मेन स्विच पाडून लाइट घालवली आणि परत दिली. ठरल्याप्रमाणे सगळे शेतकरी कॉककडे धावले, आणि कमिटीची माणसं बघायला उभी होती म्हणून जरा जास्तच जोरात धावले. मला मॅडमनी चौथ्या पंपावर पाठवलं होतं, हात मागे बांधून उभं राहायला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते. टाकी उतरायला लागली तेव्हा माझे हात आपोआप पुढे आले. हौसाबाई म्हणाल्या, "पावणं, हात मागं." पंपाचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि पंप आपला आपण थांबला. टाकीत वीतभर पाणी शिल्लक होतं. आम्ही दोघं बघत उभे. चांगला अर्धा तास गेला. मग टाकीत पाणी वीत-वीत करत चढलं आणि पंपाने कुणाला न विचारता पुन्हा आवाज धरला. हौसाबाई नळाच्या तोंडापाशी धावल्या. धार बारीक होती.

"लई न्हाई," त्या ओरडल्या, "पर आलं!"

त्या दिवशीची नोंद पहिल्या चाचणीसारखी देखणी नव्हती. रेघा वरखाली, वाकड्यातिकड्या. चेअरमननी लॅपटॉपवर बघून तोंड वाकडं केलं, "आधीची बरी व्हती दिसायला." मॅडम म्हणाल्या, "ती तात्यांची होती. ही तुमच्या योजनेची आहे." कमिटीने चौथा टप्पा ठेवला. कुणी विरोध केला नाही. शाल आणि नारळ पुन्हा पुढे आले, तेव्हा मॅडमनी शाल घेतली आणि नारळ फोडून सगळ्यांना वाटायला लावला.

तेव्हापासून योजना तशीच चालू आहे. पेट्या दोनदा बदलल्या, विद्यार्थ्यांच्या पुढच्या पिढ्या येऊन गेल्या. चौथी मोटर त्यानंतर एकदाच जळाली, तीही वीज पडून. दर दोन वर्षांनी पाइपाच्या कडेने फिरून शेजाऱ्याकडून शेजाऱ्याचं माप घ्यायची पद्धत मॅडमनी लावून दिली ती आजही पाळतात, आणि त्या दिवशी जी भांडणं होतात त्यांचीही लोकांना सवय झाली आहे.

माझ्या चुकीबद्दल मॅडमनी पुन्हा कधी शब्द काढला नाही. या कामावर त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, त्यात पहिली चाचणी का रद्द केली ते स्पष्ट लिहिलं, मात्र माझं नाव तिथे घातलं नाही. हद्द कशी काढली त्या भागात घातलं. मी विचारलं, "मॅडम, तिथं का न्हाई आणि हितं का?" त्या म्हणाल्या, "तिथली चूक माझी. माणसं मायेनं हात घालतील ही शक्यता मी धरायला हवी होती." आता हात घातला की पेटी त्याची नोंद करते आणि लाल दिवा लागतो. ही सुधारणा त्यांनी त्याच हंगामात केली. शिष्याची चूक आपल्या खात्यावर घेणारे गुरू कमी असतात. मी तर त्यांचा रीतसर शिष्यही नव्हे.

त्यांचे दोषही मला माहीत आहेत, ते न लिहिले तर त्याच रागावतील. कुणी उगाच मोठं बोललं की त्या तोंडावर "कशावरून?" विचारतात, आणि त्यामुळे दोन-तीन मोठी माणसं कायमची दुखावली आहेत. वेळेवर जेवत नाहीत. गुडघे दुखतात ते सांगत नाहीत. डॉक्टरने औषध दिलं तर ते का दिलं याचा हिशेब त्याच्याकडून घेतात आणि पटलं नाही तर परत करतात. त्यांच्या शिष्यांनी याकडे लक्ष द्यावं, ही या लेखातून माझी जाहीर विनंती.

मी आता डिंभ्याहून कळंबला परत आलोय. लेकीकडे महिनाभर जाऊन राहतो, पंपाचा एक फोन येत नाही. सुरुवातीचे काही दिवस ते मनाला लागलं. फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून मी उघडून बघायचो. मॅडमना एकदा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तात्या, काम नसताना जी माणसं फोन करतात ती मोजा." मोजली. दशरथ करतो, हौसाबाई नातवाकडून लावून घेतात आणि सगळ्या वाडीचं सांगतात. चेअरमनसुद्धा करतात. कामाचं कुणीच काही बोलत नाही.

मॅडम, तुम्ही आम्हाला तुमच्यावाचून चालायला शिकवलंत. तुमचे विद्यार्थी आपापल्या जागी कामं चालवताहेत, डिंभ्याचे चारही पंप आपापलं बघताहेत. तेव्हा तुम्हाला मोठं आयुष्य मागताना आमच्या मनात कसलाही स्वार्थ नाही, कुठली मोटर अडलेली नाही. तुम्हाला शंभर वर्षं लाभोत, वेळच्या वेळी जेवण लाभो, आणि वाडीची चढण चढता येईल असे गुडघे लाभोत. हौसाबाईंनी निरोप दिलाय तो तसाच लिहितो. "बाईंना म्हणावं, या. काम काय बी न्हाई. नुसत्या या."